मणक्याच्या ऑपरेशननंतर पोट अडलं: बद्धकोष्ठता की इलियस?

ऑपरेशनला तीन दिवस झाले, पेशंट म्हणतो, "पोट साफ होत नाहीये." घरचे लगेच जुलाबाचं औषध शोधतात. त्याआधी एक गोष्ट विचारा: गॅस सरतोय का?

सरत असेल, पोट जड पण मऊ असेल, दोन घास जात असतील, तर बहुधा ही ओपिऑइडमुळे, म्हणजे अफूसारखं काम करणाऱ्या तीव्र वेदनाशामकांमुळे, झालेली बद्धकोष्ठता. ट्रॅमाडॉल, मॉर्फिन, फेंटानिल ही औषधं दुखणं कमी करतात, तशीच आतड्याच्या भिंतीतल्या मज्जातंतूंनाही मंदावतात. मळ पुढे सरकत नाही, त्यातलं पाणी शोषलं जातं आणि खडे होतात. मग पेशंट कुंथतो. पाठीचे टाके ओले असताना ते नकोच, आणि ऑपरेशनमध्ये मज्जारज्जूचं आवरण फाटून शिवावं लागलं असेल तर मुळीच नको.

इलियसमध्ये आतड्याची हालचाल जवळपास थांबते. पोट तट्ट फुगतं, गॅस सरत नाही, मळमळ होते, उलट्या होतात. ओपिऑइड इथंही हातभार लावतातच. शिवाय ऑपरेशनचा ताण, भूल, रक्तात कमी झालेलं पोटॅशियम. पोटाच्या बाजूनं मणक्यापर्यंत जाऊन ऑपरेशन केलं असेल तर धोका वाढतो. अशा वेळी घरातली जुलाबाची गोळी देऊ नका. तोंडानं खाणंपिणं बंद, सलाईन, क्षारांची दुरुस्ती, उलट्या थांबत नसतील तर नाकातून नळी. हे काम हॉस्पिटलचं आहे.

टाळण्याचे उपाय बरेचसे सारखे आहेत. सर्जननं परवानगी दिली की लवकर उभं राहणं, चालणं. पॅरासिटामॉलसारखं औषध ठरल्या वेळी घेणं, म्हणजे ओपिऑइड कमी लागतं. बद्धकोष्ठतेसाठी मात्र आणखी एक गोष्ट हवी, आणि तीच सर्वात जास्त राहून जाते: ओपिऑइडच्या पहिल्या डोसबरोबरच रेचक. गुंगी, मळमळ काही दिवसांत ओसरते, पण आतड्याला या औषधाची सवय होत नाही. त्यामुळे 'बघू, त्रास झाला तर घेऊ' हे चालत नाही. डिस्चार्जच्या कागदावर रेचक लिहिलेलं नसेल तर तिथंच विचारून घ्या. सेन्ना किंवा बिसाकोडिलची गोळी रात्री घेतली की साधारण 6 ते 12 तासांत काम करते, लॅक्टुलोजला एक-दोन दिवस लागतात. इसबगोल सगळ्यांच्या ओळखीचं, पण पडून असलेल्या, पाणी कमी पिणाऱ्या पेशंटला ओपिऑइड चालू असताना ते नको. मळ फुगतो, पुढे ढकलला जात नाही.

एक फसवं लक्षण: बरेच दिवस अडलेल्या पेशंटला अचानक पातळ होऊ लागतं. पोट सुटलं म्हणून रेचक बंद करू नका, डॉक्टरांना दाखवा. कडक खड्यांच्या बाजूनं पाणी झिरपत असू शकतं.

आणि लघवी अडली, गुदद्वार किंवा जांघांच्या आतल्या बाजूला बधिरपणा आला, नकळत शौचाला झालं, तर हा प्रश्न पोटाचा नसून नसांवरच्या दाबाचा असू शकतो. रात्र असली तरी तडक हॉस्पिटल गाठा.