‘साहित्य’ नावाचा घोळ: विदर्भातली रोजगार केंद्रं आणि दिव्यांग उमेदवार

गावात कोणी "साहित्य आलं" म्हणालं तर कथा-कविता कोणाच्या डोक्यात येत नाहीत. साहित्य म्हणजे तीनचाकी सायकल, कुबड्या, कॅलिपर, कानाची मशीन, पांढरी काठी. पंचायत समितीच्या आवारात मांडव पडतो, तज्ज्ञ येऊन मोजमाप घेतात, काही महिन्यांनी ट्रक येतो आणि पाहुण्यांच्या हस्ते वाटप होतं. दिव्यांगांना मदत म्हणजे काय, याचं सरकारी चित्र कैक वर्षं एवढंच राहिलं. रोजगार केंद्रात आलेल्या अंध मुलाला संगणकावर स्वतःचा अर्ज स्वतः भरता यावा, त्यासाठी कोणी त्याच्या शेजारी तासभर बसावं, हे काम त्या चित्रात कधी नव्हतंच. ते का नव्हतं, याचं उत्तर दोन वेगवेगळ्या फाइलींमध्ये आहे. या फाइली दोन वेगळ्या खात्यांच्या कपाटांत वाढल्या आणि एकमेकींना क्वचितच भेटल्या.

पहिली फाइल रोजगाराची. दुसऱ्या महायुद्धातून परतलेल्या सैनिकांना कामाला लावण्यासाठी १९४५ मध्ये सेवायोजन कार्यालयं, म्हणजे आजची रोजगार केंद्रं, निघाली, फाळणीनंतर निर्वासितांसाठी वापरली गेली आणि १९४८ मध्ये सगळ्यांना खुली झाली. त्यांचा रोजचा कारभार केंद्राने राज्यांच्या हाती दिला तो १ नोव्हेंबर १९५६ रोजी. विदर्भ मध्य प्रदेशातून निघून द्विभाषिक मुंबई राज्यात आला तोही नेमका त्याच दिवशी. रिकाम्या जागा कळवण्याची सक्ती करणारा १९५९ चा सेवायोजन कार्यालयांचा कायदा लागू झाला १ मे १९६० ला. ती तारीख कोणाला सांगायला नको. अपंगांसाठीचं देशातलं पहिलं विशेष सेवायोजन कार्यालय त्याच्या वर्षभर आधी, मार्च १९५९ मध्ये, मुंबईत उघडलं होतं. आमच्याकडे बहुतेक जिल्ह्यांना असं वेगळं कार्यालय मिळालं नाही. साध्या केंद्रातच निराळी नोंद, निराळं कपाट. पाट्या मात्र बदलत राहिल्या: सेवायोजन कार्यालय, मग रोजगार व स्वयंरोजगार मार्गदर्शन केंद्र, मग त्यात कौशल्य विकास आणि उद्योजकता. लोक आजही म्हणतात, "एम्प्लॉयमेंटमध्ये नाव टाकलं का?"

काम आणि उपकरण एकाच छपराखाली आणण्याचा एक प्रयत्न झाला होता, हेही नोंदवायला हवं. केंद्र सरकारने १९६८ पासून अपंगांसाठी व्यवसाय पुनर्वसन केंद्रं काढली. तिथे उमेदवाराची क्षमता तपासायची, हातातलं काम शिकवायचं आणि मग नोकरीकडे पाठवायचं, अशी रचना होती. कल्पना उत्तम. पण विदर्भातल्या माणसाला जवळचं केंद्र म्हणजे जबलपूर, तेही परराज्यात. नाहीतर मुंबई. सिरोंच्याच्या उमेदवाराला स्वतःचं जिल्ह्याचं ठिकाण, म्हणजे गडचिरोलीच, दोनशे किलोमीटरच्या आसपास. धारणीहून अमरावती दीडशेच्या आसपास. एसटीत सवलत आहे, पण सवलतीच्या तिकिटावरही दिवस पूर्णच जातो.

आता १९९६. या वर्षाकडे फारसं कोणी बघत नाही. माझ्या मते सगळा गुंता तिथेच पडला. अपंग व्यक्तींसाठीचा पहिला सर्वंकष कायदा १९९५ चा, तो लागू झाला ७ फेब्रुवारी १९९६ रोजी. त्याने सरकारी नोकऱ्यांत ३ टक्के जागा कायद्याने राखल्या (केंद्र सरकारी नोकऱ्यांच्या खालच्या दोन गटांत हे आरक्षण आदेशाने १९७७ पासूनच होतं) आणि त्या जागांची माहिती विशेष सेवायोजन कार्यालयाला मिळेल अशी व्यवस्था केली. म्हणजे कायद्याने सगळी भिस्त ठेवली ती या कार्यालयावर. आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला: केवळ सेवायोजन कार्यालयाने पाठवलेल्या नावांतून भरती करू नका, नावं मागवाच, पण वर्तमानपत्रात जाहिरात द्या, रेडिओ-दूरदर्शनवर सांगा, फलकावर लावा आणि जो कोणी अर्ज करेल त्याचा विचार करा. १९८७ मध्ये याच न्यायालयाने फक्त कार्यालयामार्फत भरती करण्याच्या सरकारी धोरणाला हरकत घेतली नव्हती.

निकाल न्याय्यच होता. कार्यालयात नाव असूनही कित्येकांना आयुष्यात एकही कॉल आला नाही, आणि कोणाचं नाव पुढे जातं याबद्दल लोक काय बोलत ते सर्वांना ठाऊक आहे. पण त्याची दुसरी बाजू कोणी मोजली नाही. जुन्या पद्धतीत काम येत होतं ते टपालाने घरी. पोस्टमन कार्ड देई, घरातलं कोणी वाचून दाखवी, मुलाखतीला जायचं एवढंच उरे. नव्या पद्धतीत जाहिरात स्वतः शोधायची, स्वतः वाचायची, मुदतीत अर्ज स्वतः करायचा. डोळस, ऐकू येणाऱ्या, तालुक्याला रोज जाऊ शकणाऱ्या माणसासाठी हे दार उघडणं होतं. अंध उमेदवारासाठी मात्र त्याच्या वतीने चालणारं एकमेव यंत्र ढिलं पडलं, आणि बदल्यात वाचायचं साधन हातात आलं नाही. आरक्षण कायद्यात आलं, आणि त्या जागांपर्यंत पोहोचवणारी वाट त्याच वर्षी आखडली. (या ३ टक्क्यांची मोजणी कशी करायची, ठरवून दिलेल्या पदांवर की एकूण रिक्त जागांवर, यावरचा वाद २०१३ पर्यंत चालला आणि एकूण रिक्त जागांच्या बाजूने सुटला. तो इतिहास वेगळा.)

दुसरी फाइल उपकरणांची. कृत्रिम अवयव आणि साधनं बनवणारा सरकारी कारखाना १९७२ मध्ये कानपूरला स्थापन झाला आणि साधनं मोफत किंवा सवलतीत देण्याची केंद्राची योजना १९८१ पासून, आंतरराष्ट्रीय अपंग वर्षात, सुरू झाली. शिबिराचं आजचं रूप तिथून आलं. इंग्रजीत या वस्तूंना ‘एड्स’ आणि ‘अप्लायन्सेस’ असे जे दोन शब्द होते त्यांचं मराठी फायलींत कधी ‘सहाय्यक साधने’, कधी ‘उपकरणे’, कधी ‘साधने व उपकरणे’ झालं आणि बोलताना सरसकट ‘साहित्य’. शब्द निरागस वाटतो, पण त्याने दोन गोष्टी ठरवून टाकल्या. एक, मदत म्हणजे मोजता येणारी, फोटोत दिसणारी, साठा नोंदवहीत चढवता येणारी वस्तू. दोन, ती दिली की काम संपलं. सायकल दिली, सही घेतली. कानाच्या मशीनची बॅटरी तालुक्यात मिळते का, हा प्रश्न कोणाच्याच टेबलवर येत नाही.

स्क्रीन वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर या व्याख्येत कुठे बसवायचं? ते ट्रकमध्ये येत नाही. एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर २००६ पासून फुकट उपलब्ध आहे; दोन अंध ऑस्ट्रेलियन तरुणांनी तो सुरू केला. फुकट असल्याने खरेदी नाही, खरेदी नाही म्हणून फाइल नाही, फाइल नाही म्हणून तो ‘दिला’ असं कोणी म्हणू शकत नाही. खर्च आहे तो शिकवण्याचा, आणि शिकवणं हे साहित्य नव्हे. पुढे केंद्र सरकारच्या यादीत डेझी प्लेअर (बोलकी पुस्तकं ऐकवणारं यंत्र) आणि स्क्रीन रीडर असलेले स्मार्टफोन आले, पण तेही वाटायची वस्तू म्हणूनच. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातून दिव्यांगांवर खर्चायचा जो निधी आहे (आधी ३ टक्के, नंतर ५) त्याचंही तसंच: कुठे रोख, कुठे वस्तू. प्रशिक्षकाचं मानधन त्यातून काढलेलं मला तरी आढळलं नाही.

नवा कायदा २०१६ चा, १९ एप्रिल २०१७ पासून लागू. अपंगत्वाचे प्रकार २१ झाले, आरक्षण ४ टक्के झालं. ज्या सोयीमुळे माणूस बाकीच्यांच्या बरोबरीने काम करू शकतो ती वाजवी सोय देण्याची कल्पना त्याने आणली. कलम ३ मध्ये ही जबाबदारी सरकारवर सर्वसाधारणपणे टाकली आहे. पण नोकरीच्या प्रकरणात, कलम २० मध्ये, शब्द आहे ‘कर्मचारी’. सरकारी आस्थापनेने आपल्या दिव्यांग कर्मचाऱ्याला सोय द्यावी. रोजगार केंद्राच्या खिडकीशी उभा असलेला मुलगा अजून कर्मचारी नाही. तो उमेदवार आहे. समाजकल्याणाच्या लेखी तो साहित्य मिळालेला लाभार्थी, रोजगार केंद्राच्या लेखी नोंदणी झालेला इच्छुक, आणि यंत्र चालवायला शिकणारा म्हणून तो कोणाच्याच लेखी नाही.

याच कायद्याने सिकलसेल या रक्ताच्या आजाराला अपंगत्वात धरलं. पूर्व विदर्भात याचा अर्थ मोठा आहे, कारण गडचिरोली-चंद्रपूरकडे हा आजार घरोघरी माहीत आहे. ओळखपत्र मिळतं; पण नोकरीच्या ४ टक्क्यांत रक्ताच्या आजारांना वाटा नाही आणि त्यांना देण्याजोगं साहित्यही नाही. दुखणं उठलं की चार दिवस पडून राहावं लागणाऱ्या मुलीला हवं असतं घरून करता येणारं काम आणि ते करण्यापुरता संगणक. तिच्या बाबतीत खिडकीवरचा नेहमीचा प्रश्न, "टक्के किती?" (म्हणजे अपंगत्वाचे), काहीच सांगत नाही.

मधल्या काळात खिडकीच स्क्रीनवर गेली. केंद्राचं करिअर पोर्टल जुलै २०१५ मध्ये आलं, राज्याचंही झालं, नोंदणी ऑनलाइन झाली. मी एका केंद्रात शेजारी बसून हे पाहिलंय: अंध मुलाच्या फोनवर टॉकबॅक, म्हणजे फोनचा स्क्रीन रीडर, चालू, नाव भरलं, शिक्षण भरलं, आधारचा ओटीपी ऐकून तोही टाकला, आणि शेवटी वाकड्या अक्षरांचं चित्र. फोन म्हणाला, "इमेज". परत फिरवलं, परत "इमेज". मग कारकुनानेच ती पाच अक्षरं टाकून दिली, चांगुलपणानेच.

मराठीची अडचण आणखी वेगळी. आमच्याकडच्या कित्येक कार्यालयांत आणि टायपिंगच्या दुकानांत वर्षानुवर्षं कृतिदेव हा फाँट चालला. त्यात पडद्यावर दिसतं मराठी, आत साठवलेली असतात रोमन अक्षरं. डोळ्यांना ‘नागपूर’ दिसतं. स्क्रीन रीडर वाचतो "यू, के, एक्स, आय, डब्ल्यू, जे". जाहिरातीचा अख्खा कागद असा ऐकला की माणूस दुसऱ्या वेळी प्रयत्न करत नाही. मराठी अक्षरं मराठी म्हणूनच साठवणारं युनिकोड आलं तरी जुने नमुने तसेच कॉपी होत राहिले, आणि नव्यांतले कित्येक सही-शिक्क्यानंतर स्कॅन केलेले. त्यात तर वाचायला अक्षरंच नाहीत. नव्या कायद्याच्या २०१७ च्या नियमांत कागदपत्रं ई-पब (ई-पुस्तकाचा एक प्रकार) किंवा अक्षरओळख असलेल्या पीडीएफमध्ये असावीत असं लिहिलेलं होतं. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नेमका तोच नियम बाद ठरवला, कारण त्यात सक्ती नव्हती, नुसत्या शिफारशी होत्या; बंधनकारक मानकं तीन महिन्यांत करा, असा आदेश दिला.

‘अपंग’ऐवजी आलेल्या ‘दिव्यांग’ शब्दावर डिसेंबर २०१५ पासून जेवढी शाई गेली तिच्या पावभर ‘साहित्य’वर गेली असती तर बरं झालं असतं. राज्यात दिव्यांगांसाठी स्वतंत्र विभाग डिसेंबर २०२२ मध्ये झाला; रोजगार केंद्रं कौशल्य विभागाकडेच राहिली. १९५९ च्या कायद्याची जागा घेणारी सामाजिक सुरक्षा संहिता नोव्हेंबर २०२५ पासून लागू आहे आणि तिच्यात या कार्यालयांचं नाव ‘करिअर सेंटर’ झालं आहे. म्हणजे पाटी पुन्हा रंगवायची. एनव्हीडीए पेनड्राइव्हवरूनही चालतो, संगणकात बसवायची गरज नसते. मी पाहिलेल्या केंद्रांत संगणकाला स्पीकर नसतो. हेडफोन उमेदवाराने घरून आणायचा.