गोदी स्फोटात गेलेलं घर: कागद शोधताना अर्ज कुठे अडतो?

‘आजोबांचे मांडवीतील घर १९४४ च्या स्फोटात जळाले, त्याचे कागद मिळावेत.’ असा माहिती अधिकारात अर्ज केला की उत्तर ठरलेलं: ‘सदर अभिलेख आढळून येत नाही.’ उत्तर खोटं नसतं. दप्तरात घरं आडनावाने लावलेली नसतात, जमिनीच्या नंबराने लावलेली असतात. १४ एप्रिल १९४४ ला मुंबईच्या व्हिक्टोरिया डॉकमध्ये ‘फोर्ट स्टिकीन’ हे स्फोटकं भरलेलं जहाज फुटलं तेव्हा आजोबा कुठे राहत होते, हे कुटुंबाला तोंडपाठ असतं. त्या जागेचा सी. एस. नंबर, म्हणजे भूमापनातला क्रमांक, मात्र कुणालाच माहीत नसतो.

आधी तो नंबर काढा. मुंबई शहरात सातबारा नाही, प्रॉपर्टी कार्ड असतं. ते फोर्टमधल्या जुन्या कस्टम हाऊसमध्ये, शहर जिल्हाधिकाऱ्यांकडच्या भूमापन कार्यालयात मागायचं. सी. एस. नंबर प्रत्येक डिव्हिजनचे (भूमापनातल्या विभागाचे) वेगळे असल्याने नुसता ‘नंबर अमुक’ लिहू नका, ‘मांडवी डिव्हिजन’ असं सोबत लिहा. घरात फक्त ‘अमक्याची चाळ, तमकी गल्ली’ एवढंच ठाऊक असेल तर त्या जागी आज उभ्या असलेल्या इमारतीवरून मागे जा.

कार्ड हाती आलं की बहुतेकांची निराशा होते, कारण त्यावर आजोबांचं नाव नसतं. चाळीतला भाडेकरू मालमत्तेच्या नोंदीत येत नाही. मालकाचं नाव मिळतं, तेवढंच. आजोबा तिथे राहत होते हे दाखवायला भाडेपावती, शाळेचा दाखला किंवा त्या पत्त्यावर आलेलं पाकीट शोधा. मुंबईत १९४३ मध्ये रेशनिंग सुरू झालं होतं. ते जुनं रेशनकार्ड कुणी ट्रंकेत जपलं असेल तर नशीब. कचेरीत जाण्याआधी घरातल्या म्हाताऱ्या आत्याला विचारा, खरंच.

गोदीलगतची बरीच जमीन पोर्ट ट्रस्टची, म्हणजे बंदराचा कारभार पाहणाऱ्या संस्थेची होती. तुमचा भूखंड त्यातला निघाला तर अर्ज आजच्या मुंबई पोर्ट ऑथॉरिटीकडे जातो आणि इथे भलतीच गंमत होते. राज्याच्या कार्यालयाला माहिती अधिकाराचा अर्ज दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून चालतो. पोर्ट केंद्राच्या अखत्यारीत, तिथे स्टॅम्प चालत नाही, पोस्टल ऑर्डर चालते. चुकीचा स्टॅम्प म्हणून परत आलेला अर्ज पाहिला की जीव तुटतो.

राज्याकडचा अर्ज दीडशे शब्दांत आणि एकाच विषयावर हवा. प्रॉपर्टी कार्ड, नुकसानभरपाई आणि मृतांची यादी एकाच कागदावर मागितली की पहिल्याच विषयाचं उत्तर देऊन बाकीचं टाळायला आयतं कारण मिळतं. तीन अर्ज करा. कारण सांगण्याची सक्ती नाही, त्यामुळे खिडकीवर ‘वारस दाखला आणा’ म्हणाले तर माहिती अधिकार कायद्याचं कलम ६(२) दाखवा. अर्जदार भारतीय नागरिक मात्र हवा. परदेशी नागरिकत्व घेतलेल्यांनी इथल्या भावा-बहिणीच्या नावाने अर्ज करावा.

मुदतीत सगळेच घसरतात. उत्तराचे तीस दिवस अर्ज कार्यालयात पोहोचल्यापासून धरायचे, तुम्ही टपालात टाकल्यापासून नव्हे. उत्तर आलंच नाही तर पहिल्या अपिलाचे तीस दिवस ती मुदत संपल्यावर लगेच सुरू होतात. ‘थोडी वाट पाहू’ म्हणणाऱ्यांचं अपील हुकतं. ‘अभिलेख नष्ट केला’ असं उत्तर आलं तर तो नष्ट केल्याच्या नोंदीची प्रत मागा. कधी कधी त्यानंतर फाइल सापडते!

स्फोटानंतर सरकारने भरपाईसाठी खास अध्यादेश काढला होता, त्यामुळे दाव्यांसंबंधी पत्रव्यवहार झाला. आज मात्र त्यावर पैसे मिळत नाहीत. मिळवून देतो म्हणणाऱ्या एजंटला दारातूनच परत पाठवा. त्या काळच्या सरकारी फायलींसाठी काळा घोड्याच्या एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतल्या पुराभिलेखागारात (राज्याच्या जुन्या दप्तरखान्यात) ओळखपत्र आणि विषय सांगणारं पत्र घेऊन जा. तिथेही विभाग आणि साल सांगितल्याशिवाय फाइल निघत नाही.

वर्तमानपत्रं चाळताना १५ एप्रिलच्या अंकावर थांबू नका. युद्धकाळातल्या सेन्सॉरमुळे बातमीदारांना वृत्त बाहेर पाठवायला मेच्या दुसऱ्या आठवड्यात परवानगी मिळाली. मे अखेरपर्यंतचे अंक मागवा.