क्वेचुआ स्थळनामे

पेरू, बोलिव्हिया व एक्वादोरच्या अँडीज प्रदेशातील गावे, नद्या, डोंगर व तळी यांची क्वेचुआ भाषेतील नावे. बहुतेक नावे सामासिक असून मराठीप्रमाणेच विशेषण आधी येते : यानाकोचा (‘काळे तळे’), पुकाल्पा (‘तांबडी माती’), कोचाबाम्बा (‘तळ्याचे मैदान’). ‘योक’ हा प्रत्यय ‘असलेले’ या अर्थाचा. वान्कायो म्हणजे शिळा असलेले ठिकाण.

अर्थ लावताना आधी स्पॅनिश लेखन उलगडावे लागते. कुस्को (इंकांची जुनी राजधानी) येथील बोलीत साधा, महाप्राण व श्वास रोखून फोडलेला असे तीन ‘क’ आहेत. स्पॅनिशांनी ते एकाच अक्षराने लिहिले. पहिला व दुसरा देवनागरीत ‘क’ व ‘ख’ असे सहज दाखवता येतात, तिसरा नाही. आयाकुचोतील ‘कुचु’ (कोपरा) हा तिसऱ्या प्रकारचा. साध्या ‘क’ने वाचल्यास ‘कापणे’ हा धातू हाती लागतो. ‘प्रेतांचा कोपरा’ हे नाव दक्षिण अमेरिकेचा मुक्तिनेता बोलिव्हार याने 1825 मध्ये वामांगा शहराला दिले. ‘पम्पा’चे (मैदान) ‘बाम्बा’ होणे हा स्पॅनिश अपभ्रंश समजला जाई. पण जुन्या लेखनात ‘इंका’ही ‘इंगा’ असा येतो, म्हणजे अनुनासिकापुढे ‘प’चा ‘ब’ तसा ‘क’चा ‘ग’ होई. त्यामुळे हा बदल मूळ किनारी क्वेचुआ बोलीतलाच असावा, हे मत अधिक पटते. पेरूची राजधानी लिमा हे नावही त्याच बोलीतले : ‘रिमाक’ (बोलणारा) येथे ‘र’चा ‘ल’ झाला.

कुस्कोची व्युत्पत्ती विवाद्य आहे. इतिहासकार इंका गार्सिलासो याने 1609 मध्ये दिलेला ‘नाभी’ हा अर्थ सर्वत्र रूढ आहे. मात्र नाभीला क्वेचुआत ‘पुपु’ म्हणतात, आणि गार्सिलासोही ‘कुस्को’ हा शब्द इंकांच्या खासगी भाषेतला सांगतो. भाषाशास्त्रज्ञ सेर्रोन-पालोमिनो यांनी आयमारा या शेजारभाषेतील ‘कुस्कु वान्का’ (‘घुबडाची शिळा’) हे मूळ सुचविले आहे. इंकांचा पूर्वज आयार आउका पंख फुटून उडत येऊन येथे शिळा झाला, या दंतकथेशी ते जुळते. ध्वनिदृष्ट्याही ते अधिक सयुक्तिक दिसते.

शेजारभाषांची नावे क्वेचुआ समजून फोडणे ही नेहमीची चूक होय. विल्कानोता या नदीच्या नावातील ‘विल्का’ क्वेचुआत ‘पवित्र’ ठरतो, पण ‘नोता’ अर्थहीन उरतो. आयमारात मात्र विल्का म्हणजे सूर्य, उता म्हणजे घर. दोन्ही पदे सुटतात. उत्तर पेरूतील ‘बाल’, ‘दाय’ अशा शेवटांची नावे बहुधा नष्ट झालेल्या कुल्यी भाषेतील आहेत.