श्रमदान, नौवहन कंपन्यांचे (पंचगंगा खोरे)

जहाज-वाहतूक कंपन्यांचे कर्मचारी पगाराखेरीज वेगळा मोबदला न घेता जे लोकोपयोगी व पर्यावरणविषयक काम करतात ते. बंदरांच्या गावी किनारासफाई व कांदळवनाची लागवड ही त्याची नेहमीची रूपे. कोल्हापूर जिल्ह्याला किनारा नाही. तथापि शिरोली, गोकुळ शिरगाव व कागल येथील ओतकामाचा माल कंटेनरमधून न्हावा शेवा (नवी मुंबईजवळील बंदर) मार्गे परदेशी जातो आणि त्या निमित्ताने मालवाहतूक कंपन्यांचा या भागाशी संबंध येतो. येथे अशा श्रमदानाचे क्षेत्र म्हणजे पंचगंगा नदी आणि शहरालगतचे रंकाळा, कळंबा हे तलाव. घाट उतरला की अरबी समुद्र, इतका तो जवळ; पण पंचगंगा पूर्वेकडे वाहते, नृसिंहवाडीला कृष्णेस मिळते आणि तिचे पाणी बंगालच्या उपसागराची वाट धरते. त्या वाटेवर बंधारे आणि आलमट्टीसारखी धरणे आहेत. त्यामुळे तरंगता कचरा पुष्कळसा बंधाऱ्यांमागेच साचतो, आणि तो काढण्याची खरी जागाही तीच.

संज्ञेच्या उगमाबद्दल मतभेद आहेत. विनोबा भावे यांच्या भूदान चळवळीमुळे (१९५१) ‘दान’ जोडलेले अनेक शब्द रुळले, त्यांतच श्रमदान सर्वतोमुखी झाले, असे सामान्यतः मानतात. शब्द त्याआधीही वापरात असावा. काहीजण त्याचे मूळ इर्जिक व सावड या कृषिप्रथांत शोधतात. परंतु सावडीत बैल व माणूसबळ यांची सरळ देवघेव असते आणि इर्जिकेत यजमान जेवण घालतो. दोन्ही प्रथा परतफेडीवर चालतात. गाडगेबाबांनी (१८७६–१९५६) हाती झाडू घेऊन गावोगाव जी सफाई केली, तिच्याशी आजच्या श्रमदानाचे नाते अधिक जुळते. वेठ ही याची विरुद्ध बाजू. कोल्हापूर संस्थानात राजर्षी शाहूंनी १९२० च्या सुमारास वेठबिगार बंद केली. कंपनीने हजेरी सक्तीची केली की श्रमदान वेठीकडे झुकते, म्हणून नाव नोंदवणे ऐच्छिक असावे आणि गैरहजेरीची नोंद वरिष्ठांकडे जाऊ नये.

कायद्याच्या दृष्टीने या कामाचे स्थान बरेचदा चुकीचे समजले जाते. कंपनी कायदा, २०१३ च्या कलम १३५ नुसार (अंमल १ एप्रिल २०१४ पासून) ५०० कोटी रुपये नक्त मत्ता (देणी वजा जाता उरणारी मालमत्ता), १,००० कोटींची उलाढाल किंवा ५ कोटींचा निव्वळ नफा यांपैकी एक अट लागू होणाऱ्या कंपनीने मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करावयाची असते. स्वयंसेवक कर्मचाऱ्यांचे त्या तासांचे वेतन या खर्चात धरता येईल, असे जून २०१४ च्या परिपत्रकात म्हटले होते. जानेवारी २०१६ च्या खुलाशात मात्र कर्मचाऱ्यांच्या विनामूल्य सेवेचे पैशात रूपांतर करून ती खर्चात दाखवता येणार नाही, असे स्पष्ट झाले. हिशेबात दुसरा खुलासा प्रमाण मानणे सुरक्षित.

कामाचे दिवस निवडण्यात सर्वांत मोठी चूक होते. नौवहन व्यवसायाचे दिनदर्शक समुद्राचे आहे : ५ एप्रिल हा राष्ट्रीय सागरी दिन (१९१९ मध्ये याच दिवशी सिंदिया कंपनीचे ‘लॉयल्टी’ जहाज मुंबईहून निघाले), तर सप्टेंबरचा तिसरा शनिवार आंतरराष्ट्रीय किनारासफाईचा (प्रारंभ १९८६, टेक्सस). पंचगंगेचे वर्ष कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांवर चालते. पावसाळ्याआधी बरगे (पाणी अडवण्यासाठी बंधाऱ्याच्या खांबांमधील खाचांत बसवायच्या फळ्या) काढतात, तो ओसरला की पुन्हा घालतात. सप्टेंबरात बरगे नसतात आणि नदीला ओढ असते. तेव्हा पात्रात उतरणे धोक्याचे आणि निष्फळही. बरगे घातल्यावर पाणी तुंबते, त्यात जलपर्णी वाढू लागते. डिसेंबर-जानेवारीत, थर विरळ असतानाच ती काढावी. ५ एप्रिलपर्यंत ती पात्रभर पसरलेली असते, मग माणसांच्या हाताने ती आवरत नाही.

जलपर्णी, स्थानिक बोलीत केंदाळ, मूळची दक्षिण अमेरिकेतील. सांडपाण्यातील नत्र व स्फुरद हे तिचे खाद्य. जयंती नाल्यासारख्या नाल्यांचे पाणी प्रक्रियेविना नदीत येत राहिले तर ती परत येणारच, आणि काम सुरू होण्यापूर्वीच हे मान्य केलेले बरे. अनुकूल स्थितीत ती सुमारे दोन आठवड्यांत दुप्पट होते. दहावा हिस्सा मागे राहिला तर सात आठवड्यांच्या आत पात्र पूर्ववत भरते. म्हणून एका दिवशी मोठा जमाव आणण्यापेक्षा तेवढीच माणसे चार पंधरवड्यांत वाटावीत. प्रथम बांबू व दोर यांचा आडवा तरंगता अडसर बांधून काम करावयाचा टप्पा वेगळा करतात, नाहीतर वाऱ्याबरोबर शेजारचा थर मोकळ्या केलेल्या जागेत सरकतो. मग दाताळ्याने थर काठाशी ओढून मुळांसकट उचलतात. कोयत्याने पाण्यातच तोडू नये. तुटलेल्या धावत्या खोडाचा तुकडाही नवे रोप होऊ शकतो. शेवटची फेरी जाळीने तुकडे गोळा करण्याची असते, आणि थकव्यामुळे नेमकी तीच गाळली जाते.

ताज्या केंदाळात सुमारे ९५ टक्के पाणी असते. तीन टन ओला माल वाळून दीडशे किलोच्या आसपास उरतो. तो लगेच ट्रॉलीत भरणे म्हणजे पाणी वाहून नेणे होय. एक-दोन दिवस निथळू द्यावा, पण काठाच्या उतारावर नव्हे, कारण पाणी वाढले की सगळा ढीग परत नदीत जातो. खतासाठी वाळके केंदाळ, उसाचे पाचट व शेणकाला यांचे सुमारे १५ सेंमी.चे थर देऊन १ ते १.५ मी. उंचीचा ढीग करतात आणि पंधरा दिवसांनी उलटतात. ढिगाच्या आत तापमान काही दिवस ५५° से.च्या वर राहिले नाही तर बी जिवंत राहते, म्हणून फुलावर आलेला माल टाळलेला बरा. अडीच ते तीन महिन्यांत खत तयार होते. ही वनस्पती शिसे, कॅडमियम, क्रोमियम शोषून घेते. इचलकरंजीच्या बाजूला, जेथे कापड प्रक्रियेचे सांडपाणी येते, तेथील खत तपासणीशिवाय भाजीपाल्याला देऊ नये.

थराखालची खोली दिसत नाही आणि मुळांत पाय गुंततो. पोहता येणाऱ्यानेही जीवरक्षक जाकीट घालावे. गुडघ्याच्या वर पाणी असल्यास गमबूट नकोत, ते भरले की पाय उचलत नाही. घट्ट बांधलेले बूट चांगले. पुरात माणसे वाहून नेण्यासाठी गुऱ्हाळाची काहील (गूळ आटवण्याची मोठी पसरट कढई) वापरल्याची उदाहरणे आहेत, परंतु तिच्यात उभे राहून दाताळे ओढले की ती कलंडते. काचेने कापलेल्या जखमेतून लेप्टोस्पायरोसिसचा संसर्ग होऊ शकतो. जखम असलेल्यास काठावरचे काम द्यावे, आणि पुढील दोन-तीन आठवड्यांत कोणाला ताप आल्यास डॉक्टरांना नदीत उतरल्याचे आवर्जून सांगावे.

सप्टेंबरचाच दिवस पाळावयाचा असेल तर गणेशोत्सव त्या सुमारास असल्यास घाटावर व इराणी खणीवर (मूर्ती विसर्जनाची जुनी दगडखाण) निर्माल्य वेगळे करण्याचे काम योग्य ठरते. हारांतील दोरा, प्लास्टिक व थर्माकोल आधी काढावे लागते, अन्यथा निर्माल्याचे खत होत नाही.

वृक्षलागवड ५ जूनला (जागतिक पर्यावरण दिन) करण्याची प्रथा आहे, पण पाऊस तेव्हा बहुधा सुरू झालेला नसतो. खड्डे (६० × ६० × ६० सेंमी.) मे महिन्यात घेऊन रोपे जूनच्या अखेरीस लावावीत. काठाला वाळुंज, करंज, उंबर, जांभूळ यांची मुळे माती धरतात. गुलमोहर, सुबाभूळ तेथे नकोत. पंचगंगेवरील राजाराम बंधाऱ्यावर इशारा पातळी ३९ फूट व धोका पातळी ४३ फूट आहे. २०१९ व २०२१ मध्ये पाणी याच्या बरेच वर गेले. अशा पुरात अंगठ्याएवढ्या खोडाची रोपे गाळाखाली आडवी होतात, म्हणून काठालगत माणसाच्या उंचीची रोपे, दोन काठ्यांना सैल बांधून लावतात. पूर ओसरल्यावर पहिल्या आठवड्यात खोडाभोवतीचा गाळ हाताने काढावा लागतो. वाळून घट्ट झाला की साल कुजते.