कूटलेखनाचा अभ्यास हा गुन्हा नव्हे

अभियांत्रिकीच्या अंतिम वर्षाचे विद्यार्थी प्रकल्पाचे विषय ठरवू लागले, की कोल्हापुरात एक समज हमखास कानावर येतो: एखाद्या कंपनीचे कूटलेखन (माहिती किल्लीशिवाय वाचता येऊ नये अशी झाकण्याची पद्धत, म्हणजे एन्क्रिप्शन) कसे मोडते याचा नुसता अभ्यास केला, तरी कॉपीराइट कायद्याखाली गुन्हा दाखल होतो. या भीतीपोटी चांगले विषय पहिल्याच बैठकीत बाद होतात. ज्या शहराच्या उद्यमनगरात समोर आलेले यंत्र खोलून आणि त्याचा सुटा भाग मोजून पाहतच कारागिरांच्या पिढ्या शिकल्या, तिथे खोलून पाहण्याचीच धास्ती वाटावी, हे मला मनापासून खटकते.

अशा अभ्यासातून काय हाती लागते, याचे सर्वांत बोधप्रद उदाहरण म्हणजे डीव्हीडीवरील चित्रपटांना संरक्षण देणारी आणि १९९९ साली मोडली गेलेली ‘सीएसएस’ (कंटेंट स्क्रॅम्बल सिस्टीम) ही कूटलेखनाची पद्धत. तिची किल्ली (झाकलेली माहिती उलगडणारा गुप्त आकडा) ४० बिटांची, ४० शून्य-एकांची, होती. म्हणजे शक्य किल्ल्या सुमारे १ लाख १० हजार कोटी. पण खरा दोष किल्लीच्या लांबीपेक्षा रचनेत होता.

सीएसएसच्या गाभ्यात दोन शिफ्ट रजिस्टर आहेत. शिफ्ट रजिस्टर म्हणजे एका ओळीत मांडलेले बिट. प्रत्येक ठोक्याला ते एकेक घर उजवीकडे सरकतात, शेवटचा बिट बाहेर पडतो आणि रिकाम्या झालेल्या पहिल्या घरात आतल्याच काही बिटांच्या एक्सॉरचे (दोन बिट वेगळे असतील तर १, सारखे असतील तर ०) उत्तर येते. तीन घरांचे रजिस्टर घ्यावे, शेवटच्या दोन बिटांचा एक्सॉर पहिल्या घरात घालावा आणि १०० पासून सुरुवात करावी. क्रमाने ०१०, १०१, ११०, १११, ०११, ००१ अशा अवस्था येतात आणि सातव्या ठोक्याला पुन्हा १०० येते. ००० ही अवस्था या फेऱ्यात कधीच येत नाही, आणि सुरुवातच तिथून केली तर रजिस्टर शून्यातच अडकून पडते. तीन फ्लिप-फ्लॉप (एकेक बिट धरून ठेवणारे घटक) आणि एक ७४८६ आयसी (एक्सॉर करणारी चिप) एवढ्या सामग्रीवर हे सारे ब्रेडबोर्डवर डोळ्यांनी पाहता येते.

सीएसएसमधले एक रजिस्टर १७ बिटांचे, तर दुसरे २५ बिटांचे आहे. पहिल्यात किल्लीचे १६ बिट आणि दुसऱ्यात २४ बिट भरतात, आणि शून्यात अडकू नये म्हणून प्रत्येकात एक बिट सक्तीने १ ठेवतात. म्हणूनच घरे ४२ असूनही किल्ली ४० बिटांची. दोन्ही रजिस्टरांतून निघणाऱ्या बाइटांची (आठ-आठ बिटांच्या गटांची) हातच्यासह बेरीज होते आणि ती बेरीज चित्रपटाची माहिती झाकते. आता या बेरजेचे सलग सहा बाइट आपल्याला ठाऊक आहेत असे समजू. पहिल्या रजिस्टरचे १६ बिट अंदाजाने धरायचे, त्यातून निघणारे बाइट काढायचे आणि ठाऊक असलेल्या बेरजेतून वजा करायचे. उरतात ते दुसऱ्या रजिस्टरचे बाइट. त्यांतल्या पहिल्या तीन-चारांवरून दुसऱ्या रजिस्टरची अवस्था कळते आणि बाकीचे बाइट अंदाज खरा की खोटा ते सांगतात. लाखभर कोटींचा शोध असा ६५,५३६ अंदाजांवर येतो. दोन भागांची नुसती बेरीज केली तर ते भाग वेगवेगळे गाठता येतात, हे यातले तत्त्व. ‘इतक्या बिटांची अभेद्य सुरक्षा’ अशा जाहिरातींवर विश्वास का ठेवू नये, तेही यातूनच कळते.

हा अभ्यास करणाऱ्यांना त्रास झाला, हे मात्र खरे. अमेरिकेच्या १९९८ च्या डीएमसीए कायद्याने डिजिटल कुलूप, म्हणजे कॉपीराइट असलेल्या सामग्रीवरचे असे तांत्रिक संरक्षण, चुकवणेच बेकायदा ठरवले. त्याच्या धाकाने प्रिन्स्टन विद्यापीठातील एडवर्ड फेल्टन यांना २००१ मध्ये ध्वनिमुद्रणांतील जलचिन्हांवरचा (त्यांत लपवलेल्या ओळखखुणांवरचा) शोधनिबंध एका परिषदेतून मागे घ्यावा लागला. काही महिन्यांनी तो दुसऱ्या परिषदेत मांडला गेला. २००३ मध्ये तिथल्याच ॲलेक्स हाल्डरमन या संशोधक विद्यार्थ्याने सीडी घालताना शिफ्ट कळ दाबून ठेवली की तिचे संरक्षण सुरूच होत नाही, हे दाखवले, तेव्हा ते संरक्षण बनवणाऱ्या कंपनीने खटल्याची घोषणा केली आणि लगेच ती मागेही घेतली.

भारतीय कायदा या बाबतीत अधिक समंजस आहे. कॉपीराइट कायदा १९५७ चा. त्यात २०१२ च्या दुरुस्तीने कलम ६५ए आले. कुलूप चुकवल्याबद्दल त्यात दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड आहे, पण कॉपीराइटच्या हक्कांचा भंग करण्याचा हेतू असेल तरच. कायदेशीररीत्या मिळवलेल्या प्रतीवर कूटलेखनाचे संशोधन आणि संगणकाच्या मालकाच्या परवानगीने केलेली सुरक्षा चाचणी या दोन्हींना तिथे स्पष्ट सूट आहे. शिवाय, एखादे सॉफ्टवेअर कोणत्या तत्त्वांवर चालते हे जाणण्यासाठी ते वापरता वापरता त्याचे निरीक्षण आणि चाचणी करण्याची मुभा कलम ५२ देते.

खरी भीती वाटायला हवी ती वेगळ्याच सवयीची. शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फाउंड्रींत नोकरी मिळावी म्हणून कॅड (संगणकावर आराखडे काढण्याचे सॉफ्टवेअर) शिकणारी मुले पेन ड्राइव्हवरून आलेली क्रॅक केलेली प्रत निःशंकपणे बसवतात आणि ‘केवळ शैक्षणिक वापरासाठी’ एवढे म्हटले की कायदा लागू होत नाही, अशी श्रद्धा बाळगतात. ही निव्वळ अंधश्रद्धा आहे. बेकायदा प्रत जाणूनबुजून वापरणाऱ्याला कलम ६३बी मध्ये सात दिवसांपासून तीन वर्षांपर्यंत कैद आणि ५० हजारांपासून २ लाखांपर्यंत दंड आहे. वापर नफ्यासाठी किंवा धंद्यासाठी नसेल, तर विशेष कारणे नोंदवून न्यायालय कैद टाळू शकते, इतकाच दिलासा. फ्रीकॅड, कायकॅड, सायलॅब ही मोफत आणि कायदेशीर साधने हाताशी असताना ही जोखीम घेण्याचे कारण नाही.

कूटलेखनावर प्रकल्प करायचा असेल, तर विकत घेतलेल्या प्रतीची पावती, परक्या संगणकाची चाचणी असल्यास मालकाचे लेखी परवानगीपत्र आणि प्रकल्पाचा उद्देश सांगणारा मार्गदर्शकाच्या सहीचा कागद पहिल्याच दिवशी फायलीला लावावा आणि कूटलेखन मोडून मिळालेली चित्रपटाची प्रत कोणालाही देऊ नये.