माळ्यावर मुलाची खोली करायची आहे? आधी खडू आणि टेप घेऊन वर जा

"आमना पोऱ्या आते मोठा व्हयना, त्याले माळावर खोली करी द्या." मार्च उजाडला की आठवड्यातून दोन-तीन गिऱ्हाइकं हेच बोलणं घेऊन माळ्यावर खोल्या करून देणाऱ्या आमच्या दुकानात येतात. जूनच्या मध्याला शाळा उघडायच्या आत पोरगं वर झोपायला लागलं पाहिजे, अशी सगळ्यांची अपेक्षा असते. काम होतं आणि चांगलं होतं. जुन्या घरांच्या माळ्याला जे सागवान वापरलंय तसं आज घ्यायला गेलात तर भाव ऐकून परत फिराल. पण दरवर्षी एकाच जागी काम अडतं आणि त्यात तुमचे पंधरा-वीस दिवस वाया जातात. म्हणून हे पत्रक छापून घेतलं.

अडतं ते उंचीवर. घरची मंडळी माळ्याच्या मधोमध उभी राहतात, टेप आढ्याला, म्हणजे छपराच्या सगळ्यात उंच मधल्या लाकडाला लावतात आणि फोनवर सांगतात, "साडेसात फूट आहे, भरपूर आहे." तेवढ्या भरवशावर पलंग आणि कपाट घेऊन मोकळे होतात. मागच्या उन्हाळ्यात एका घरी आम्ही मापाला गेलो तेव्हा दुमजली पलंग ओसरीत आधीच येऊन पडला होता. माळ्याच्या तोंडातून तो वर जाईना. सुटा करून चढवला तर वरच्या गादीवर बसलेल्या पोराचं डोकं पत्र्याला टेकायला लागलं. शेवटी तो निम्म्या किमतीत विकावा लागला. नातवासाठी हौसेनं आणलेली वस्तू अशी विकताना आजोबांचा उतरलेला चेहरा अजून डोळ्यांसमोर आहे.

उतरत्या छपराची खोली आढ्याखाली मोजायची नसते. खडू घ्या. दोन्ही पाख्यांवर, म्हणजे छपराच्या दोन्ही उतारांवर, माळ्याच्या जमिनीपासून बरोबर पाच फुटांवर खूण करा आणि दोन खुणांमधलं अंतर मोजा. मूल जिथे सहज वावरणार, ती जागा एवढीच. उदाहरण घेऊ. माळा बारा फूट रुंद, आढ्याखाली साडेसात फूट, कडेच्या भिंतीपाशी तीन फूट. खुणांमधलं अंतर भरतं सहा फूट आठ इंच.

आता यातून आमचं काम वजा करा. माळ्याच्या जुन्या फळ्यांवर (तक्तपोशीवर) नवी फळी आणि तिच्याखालचा थर, दोन इंच. वर हवेची पोकळी, ग्लासवूल (उष्णता अडवणारा काचेच्या धाग्यांचा कापूस) आणि खालची शीट, उभ्या मापात चार इंच. सहा इंच उंची गेली की पाच फुटांच्या खुणा आत सरकतात आणि अंतर उरतं पाच फूट चार इंच. म्हणजे उंचीतले सहा इंच गेले तर रुंदीतले सोळा इंच जातात. हा हिशोब कळला की बाकीचं सगळं सोपं होतं. टेप लावताना वरचं टोक पत्र्याला लावू नका, वाशाच्या खालच्या कडेला लावा. डोकं वाशाला लागतं, पत्र्याला नाही.

आणि माप आजच्या मुलाचं घेऊ नका. दहा वर्षांचं पोर साधारण साडेचार फूट असतं, दहावीला पोचेपर्यंत साडेपाच होतं. खोली एकदाच करायची आहे.

पलंग थेट बुटक्या भिंतीला लावला तर मूल झोपेतून उठून बसताना कपाळ आपटून घेतं. आम्ही भिंतीला आधी दीड फूट खोल, बुटकी कपाटं करतो. त्यात पुस्तकं, क्रिकेटचं सामान, हिवाळ्याच्या गोधड्या जातात. पलंग त्याच्यापुढे येतो, गादीचा वरचा भाग जमिनीपासून फुटभर. वरच्या उदाहरणात असं केलं की गादीच्या मध्यावर पावणेचार फूट मोकळे मिळतात आणि पोरगं निवांत बसतं. जी जागा तुम्ही वाया गेली म्हणता, ती अशी कामाला येते. हे फर्निचर जागेवरच करावं लागतं, तयार मिळत नाही. आम्ही ते करतोच, पण तुमचा घरचा सुतार चांगला असेल तर त्याच्याकडून करून घ्या, मापं आम्ही लिहून देऊ.

दुसरी गोष्ट उन्हाची. जळगाव-भुसावळकडचा मे महिना ४४-४५ अंशांचा, हे तुम्हाला सांगायला नको. पण माळ्यावर दुपारी तीनला एकदा जाऊन बघा आणि तळहात पत्र्याखाली फुटभर अंतरावर नुसता धरा. पत्र्याला न शिवता हात भाजल्यासारखा होतो. जुन्या धाब्यावर, म्हणजे सपाट छपरावर, मातीचा जाड थर असायचा, तो ऊन अंगावर घ्यायचा. धाबं काढून पत्रा टाकला तेव्हा ती माती गेली. म्हणून पत्रा आणि छत यांच्यामध्ये हवा खेळती ठेवावी लागते. वळचणीला हवा आत येईल, आढ्यापाशी बाहेर पडेल, दोन्हीकडे बारीक जाळी. धूळ येते म्हणून पुष्कळ जण आढ्याची वाट बंद करून मागतात. ती आम्ही बंद करत नाही, यावर वाद घालू नये ही विनंती. खोलीच्या गरम हवेलाही आढ्याजवळ वेगळी खिडकी हवीच, ती नसेल तर कूलर लावून खोली फक्त दमट होते.

थर्माकोलची शीट खिळ्यांनी ठोकून चार दिवसांत काम देणारे आहेत. स्वस्तही पडतं. पण थर्माकोल पेट घेतो आणि त्याचा धूर फार वाईट. वायरिंग त्याच्याच वरून गेलेलं असतं आणि खाली लेकरू झोपलेलं. आम्ही ते वापरत नाही. ग्लासवूल अंगाला लागलं की खाजतं, म्हणून ते पूर्ण झाकतो, एक बोटभर फटही ठेवत नाही. त्याला दिवस लागतात.

छपरावर जुने सिमेंटचे पत्रे असतील तर आधी सांगा. त्यात अ‍ॅस्बेस्टॉस असतं. भोक पाडलं किंवा तोडलं की त्याची धूळ फुप्फुसात जाते. आम्ही त्याला ड्रिल लावत नाही, खाली स्वतंत्र सांगाडा उभा करून छत करतो.

सीलिंग फॅन विसरा. पलंगावर उभ्या राहिलेल्या पोराचा हात पात्याला लागेल इतक्या खाली पंखा नको. भिंतीचा पंखा लावा. माळ्याचं वायरिंग नवं घ्या आणि ३० मिलिअँपिअरचं ईएलसीबी, म्हणजे करंट गळला की वीज आपोआप तोडणारं बटण, बसवा.

"माळ्यावर आम्ही कापसाची बोंदरी ठेवायचो, पोराचं काय वजन?" हेही नेहमी ऐकतो. बोंदरं एका जागी पडून राहतं, पोर उड्या मारतं. कडी, म्हणजे माळ्याचा भार घेणारं आडवं लाकूड, मधोमध क्वचित कुजते, ती कुजते भिंतीत गेलेल्या टोकाला, जिथे ओल मुरते. आमचा मिस्त्री तिथे पटाशी दाबून बघतो. खणखणीत सागवानात टोकही शिरत नाही. बाहेरून रंगवून छान दिसणाऱ्या एका कडीत ती मुठीपर्यंत गेली होती, आत वाळवीनं नुसता भुसा केला होता. म्हणून कड्यांची टोकं तपासल्याशिवाय आम्ही भाव सांगत नाही. काही जणांना हा वेळकाढूपणा वाटतो.

शिडी मात्र चालणार नाही, पक्का जिना आणि कठडा लागेल. पायरी साडेसात इंचांपेक्षा उंच नको, पाय ठेवायला दहा इंच हवेत. जिना जिथे माळ्याच्या तोंडातून बाहेर पडतो तिथे डोक्यावर सात फूट सोडा. कठड्याच्या गजांमध्ये चार इंचांपेक्षा जास्त फट नको. जिना खालची किती जागा खाणार हे घरातल्या बायकांना आधी विचारा, कारण बहुतेक वेळा तो स्वयंपाकघराच्या दारात उतरतो आणि मग भिंत पाडायच्या आदल्या दिवशी काम थांबतं.

राष्ट्रीय बांधकाम संहितेत राहायच्या खोलीची उंची पावणेतीन मीटर, म्हणजे नऊ फूट धरली आहे, उतरत्या छपराला सरासरी तेवढी. तुमचा माळा त्यात बसत नसेल आणि कागदोपत्री खोली दाखवायची असेल, किंवा छप्पर उचलायचं असेल, तर आधी नगरपालिकेत किंवा ग्रामपंचायतीत विचारा. भिंत सामाईक असेल तर शेजाऱ्यालाही. परवानगीचं काम आम्ही घेत नाही.

छप्पर उघडायचं काम दिवाळी ते होळी या काळात घ्या. मे-जूनच्या वादळात उघड्या छपराचं काय होतं, हे रावेर-यावलच्या केळीवाल्यांना विचारा. एप्रिलमध्ये आलात तर आतलं काम करू, पत्र्याला हात लावणार नाही.

दुकानात येताना चार आकडे लिहून आणा: आढ्याखालची उंची, कडेच्या भिंतीची उंची, माळ्याची रुंदी आणि पाच फुटांच्या खुणांमधलं अंतर. वरच्या तोंडाचा आणि एका कडीच्या टोकाचा फोटो मोबाइलवर असू द्या. मापाला घरी येण्याचे ५०० रुपये घेतो, काम दिलंत तर बिलातून वजा करतो. पलंग तेवढा आम्ही येऊन जाईपर्यंत घेऊ नका.