पीएसएफएस इमारत, फिलाडेल्फिया

अमेरिकेतल्या फिलाडेल्फिया शहरात मार्केट स्ट्रीट आणि बारावा रस्ता जिथं मिळतात त्या कोपऱ्यावरची ही ३६ मजली इमारत. बांधकाम १९३२ मध्ये पूर्ण झालं, उंची साधारण १५० मीटर, आपल्या जळगावच्या महापालिकेच्या सतरा मजलीपेक्षा दुपटीहून जास्त मजले. साठेक वर्षं बँकेचं मुख्यालय आणि भाड्याची ऑफिसं होती, २००० पासून इथं लोज कंपनीचं हॉटेल चालतं. आधुनिक वास्तुकलेच्या इतिहासात हिचं नाव टाळून पुढं जाता येत नाही.

पीएसएफएस म्हणजे फिलाडेल्फिया सेव्हिंग फंड सोसायटी, स्थापना १८१६. मोठ्या व्यापाऱ्यांची बँक नव्हे, मजूर, कारागीर, घरकाम करणाऱ्या बायका यांनी थोडे थोडे पैसे टाकायची जागा. खानदेशातल्या वाचकाला ठेवीदारांची पतसंस्था म्हटलं की हिचा स्वभाव लगेच कळेल, फक्त आकार फार मोठा. म्हणूनच अध्यक्ष जेम्स विलकॉक्स यांनी असली नव्या धाटणीची इमारत मंजूर केली याचं नवल वाटतं, कारण त्या काळी बँक म्हणजे दगडी खांब आणि देवळासारखं तोंड असाच रिवाज होता.

वास्तुविशारद दोन. जॉर्ज हाऊ (१८८६–१९५५) आणि विल्यम लेस्काझ (१८९६–१९६९). हाऊ फिलाडेल्फियातच काम करणारे, श्रीमंतांची टुमदार घरं बांधण्यात नाव कमावलेले, जुनी फर्म सोडून बाहेर पडले. लेस्काझ स्वित्झर्लंडचे, झुरिकमध्ये शिकलेले, युरोपातली नवी वास्तुकला जवळून पाहिलेले. १९२९ मध्ये दोघांची भागीदारी झाली आणि इथूनच वाद सुरू होतो की इमारत नक्की कुणाची. एक मत असं की युरोपची भाषा लेस्काझनीच आणली, म्हणून श्रेय त्यांचं. दुसरं मत असं की उंच टॉवरची ढोबळ कल्पना हाऊंच्या १९२९ च्या सुरुवातीच्या आराखड्यात, म्हणजे भागीदारीच्या आधीच दिसते, आणि बँकेला त्यांनीच पटवलं. १९६२ मध्ये वास्तुकलेचे अभ्यासक विल्यम जॉर्डी आणि रॉबर्ट स्टर्न या दोघांनी वेगवेगळे सविस्तर लेख लिहिले, तेव्हापासून निदान चर्चा कागदपत्रांच्या आधारानं होऊ लागली. आराखड्यांचा क्रम बघितला तर ढाचा बराचसा हाऊंचा आणि तपशिलाचा नेटकेपणा बराचसा लेस्काझचा, असं म्हणणं जास्त पटतं, पण यात तिसरा माणूस विसरला जातो तो विलकॉक्स. वास्तुविशारदांचा ओढा आडव्या पट्ट्यांकडं होता आणि विलकॉक्स उभ्या रेषा हव्यात म्हणून अडून बसले. शेवटी लांब बाजूंना खांब भिंतीच्या बाहेर काढून वरपर्यंत नेले, आणि मार्केट स्ट्रीटकडच्या अरुंद तोंडाला मजले खांबांच्या पुढं काढून खिडक्यांच्या आडव्या ओळी ठेवल्या. गिऱ्हाइकाच्या हट्टातून इमारत सुधारली, असं उदाहरण विरळाच.

अमेरिकेतली पहिली ‘इंटरनॅशनल स्टाइल’ (म्हणजे नक्षीकाम टाळून साध्या आकारांवर भर देणारी युरोपातली नवी शैली) गगनचुंबी इमारत असा हिचा उल्लेख सगळीकडं सापडतो. न्यूयॉर्कची मॅकग्रॉ-हिल इमारत (रेमंड हुड, १९३१) एक वर्ष आधी पूर्ण झाली, आणि १९३२ मध्ये न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टनं आधुनिक वास्तुकलेचं जे गाजलेलं प्रदर्शन भरवलं त्यात या दोन्ही इमारती होत्या. तरी पहिलेपणाचा मान बहुतेक अभ्यासक पीएसएफएसलाच देतात, कारण इथं आतलं काम बाहेरून वाचता येतं, आणि ते बरोबरच वाटतं.

ते वाचायचं कसं, तर असं. तळमजल्याचा रस्त्यालगतचा भाग दुकानांना भाड्यानं दिला, कारण सगळ्यात जास्त भाडं तिथंच, खालून भुयारी रेल्वेला जोड, आणि बँकेचा मोठा हॉल चक्क वर दुसऱ्या मजल्यावर (अमेरिकी मोजणीनं, आपल्याकडचा पहिला मजला), तिथं सरकत्या जिन्यानं जायचं. बाहेरून हा भाग गुळगुळीत काळपट ग्रॅनाइटचा, कोपऱ्यावर गोल वळलेला, उंच काचांचा. हॉलमध्ये खांबांची दाटी नको म्हणून वरच्या टॉवरचं ओझं पोलादी ट्रसवर, म्हणजे त्रिकोणी जाळीच्या भक्कम तुळयांवर पेललं. टॉवर चुनखडी दगड आणि करड्या विटांचा, मागं काळ्या विटांचा वेगळा कणा, लिफ्ट आणि जिने सगळे त्यात, त्यामुळं आराखडा टी आकाराचा होतो आणि ऑफिसांच्या भागाला तिन्ही बाजूंनी उजेड मिळतो. फर्निचर खास याच इमारतीसाठी बनवलेलं, घड्याळं कार्तिये कंपनीची.

पूर्ण वातानुकूलित असलेली ही अमेरिकेतली दुसरी उंच इमारत मानतात, पहिली टेक्सासमधल्या सॅन अँटोनिओची मायलम इमारत (१९२८). जळगाव-भुसावळला मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर जातो, तिथल्या माणसाला एसीचं मोल वेगळं सांगायला नको, पण मंदीच्या ऐन काळात भाडेकरू ओढायला ही सोय बँकेला फार उपयोगाची होती. गच्चीवर पीएसएफएस ही चार इंग्रजी अक्षरं, प्रत्येक सुमारे ८ मीटर उंच, लाल निऑनची, ३० किलोमीटरवरून दिसतात असं म्हणतात. बँकेनं नुसती आद्याक्षरं लावणं तेव्हा उथळ वाटायचं. पण ही पाटी नंतर चिकटवलेली नाही, आराखड्यातच होती, आणि छतावरची यंत्रं तिच्यामागं झाकली जातात.

१९७६ मध्ये इमारतीला राष्ट्रीय ऐतिहासिक वास्तूचा दर्जा मिळाला. पुढं बँकेचंच बिघडलं. १९८२ मध्ये वेस्टर्न सेव्हिंग्ज ही दुसरी बँक पोटात घेतली, नाव बदलून मेरिटर झालं, आणि डिसेंबर १९९२ मध्ये सरकारी नियंत्रकांनी ताबा घेऊन ठेवी मेलन बँकेकडं दिल्या. त्यानंतर टॉवर बराचसा रिकामा पडला.

हॉटेल होण्यामागं दोन कारणं दिसतात. एक म्हणजे १९९३ मध्ये जवळच पेनसिल्व्हेनिया कन्व्हेन्शन सेंटर उघडलं आणि शहराला खोल्या हव्या होत्या. दुसरं कारण इमारतीच्या अंगातच होतं. हॉटेलच्या प्रत्येक खोलीला खिडकी लागतेच, आजच्या जाड ऑफिस टॉवरमध्ये मधली जागा अंधारी राहते आणि तिचं काय करायचं हा प्रश्न सुटत नाही, इथं टॉवर अरुंद आणि लिफ्टचा कणा मागं, त्यामुळं खोल्या पाडणं सोपं गेलं. आपल्याकडं जळगावची खानदेश मिल गेली आणि त्या जागी मॉल आला, जुन्याचं नाव तेवढं राहिलं. नाव ठेवून वास्तू घालवणं आणि वास्तू ठेवून काम बदलणं यांतला फरक पीएसएफएसच्या आराखड्यावरून नीट समजतो, म्हणून आपल्याकडच्या आर्किटेक्चरच्या विद्यार्थ्यांनी तो जरूर अभ्यासावा असं मनापासून वाटतं.

हॉटेलच्या काळाबद्दलचं लिखाण मात्र बरंचसं जाहिरातवजा आहे. हॉटेल २००० च्या वसंतात सुरू झालं, त्याच उन्हाळ्यात रिपब्लिकन पक्षाचं अधिवेशन शहरात भरलं. खोल्या ५८० च्या आसपास. बँकेचा हॉल आता समारंभांसाठी वापरतात, ३३ व्या मजल्यावरची संचालकांची खोलीही जपून तशाच कामाला लावली आहे. कार्तियेची घड्याळं जागेवर आहेत, आणि बँक बुडून इतकी वर्षं झाली तरी गच्चीवरची अक्षरं काढलेली नाहीत.